साडूच्या नाण्याचं पान

आमच्या मंडळात कुणाला रशियन नाण्यांचा कॅटलॉग घ्यायचा असला, तर तो दुकानात जायच्या आधी कवळीवाल्याकडे जातो. कवळीवाला हे काही त्याचं नाव नव्हे. पण नाव विजेच्या बिलावर असतं तेवढंच. बायको 'अहो' म्हणते आणि उरलेलं सगळं जग कवळीवाला म्हणतं. दवाखान्यांच्या गल्लीत एका दंतवैद्याच्या मागच्या खोलीत तो कवळ्या बनवतो. टेबलावर प्लास्टरचे जबडे आ वासून रांगेत बसलेले, एका बाजूला मेणाच्या पट्ट्या, दुसऱ्या बाजूला पॉलिशचं चाक, आणि खिडकीखालच्या फळीवर, जिथे खरं तर दातांच्या रंगांचे नमुने असायला हवेत, तिथे कॅटलॉग. लाल, हिरवे, निळे, करडे. काही इंग्रजी, काही थेट रशियन. त्यातलं एक अक्षरही कळत नव्हतं तेव्हा घेतलेले. नाणी विचाराल तर एका मोज्यात मावतील.

लोक म्हणतात, काय व्यासंग आहे. व्यासंग कसला डोंबलाचा. हे सगळं जळण्यातून आलेलं आहे. माणसाचं पोट जळतं तेव्हा बहुतेकांना नुसता खोकला होतो. याच्या आचेवर मात्र एवढी विद्या शिजली. आणि जळला कुणावर म्हणाल, तर साडूवर.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचं पडद्यांचं दुकान. उंच, मोकळाढाकळा, कुणाच्याही घरी गेला की पहिल्यांदा खिडक्यांकडे बघणारा, आणि सदा हसरा. हे हसणं कवळीवाल्याला फार लागायचं. कारण पडदेवाला एकदा शिडीवरून पडला आणि समोरचा दात गेला, तेव्हा नवा दात याच्याच हातून घडला होता. असा बेमालूम, की कोणता आपला नि कोणता नकली हे दात बसवणाऱ्या डॉक्टरलाही आठवत नसे.

"हसतो तर हसतो," कवळीवाला बायकोला म्हणायचा, "तोही माझ्याच दातानं."

"मग वाईट करायचा होता," थोरली म्हणायची. थोरली म्हणजे याची बायको, धाकटी म्हणजे त्याची. दोघी बहिणींचं आपसात उत्तम होतं आणि आहे. एकीनं दुसरीला सांगितलेलं फिरत फिरत मंडळापर्यंत येतंच. त्यामुळेच तर मला हे सगळं इतकं बारकाईनं माहीत आहे.

आता नाण्यांचं. या दोघांचे सासरे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, गोदीच्या कारखान्यात लेथवर होते. तरुणपणी एका खलाशाची केबिनमधली दिवाबत्ती दुरुस्त करून दिली, त्याबद्दल त्यानं अण्णांच्या हातावर दोन जुनी रशियन नाणी ठेवली. अण्णांनी ती खोकल्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत घातली आणि विसरून गेले. धाकटीचं लग्न झाल्यावर एकदा दोन्ही जावई एकत्र जेवायला आले, तेव्हा डबी निघाली.

"दोन जावई, दोन नाणी," अण्णा म्हणाले. "थोरले, तुम्ही आधी उचला."

एक होता चांदीचा रुबल, त्यावर कुणा राणीचं भरल्या गालांचं तोंड. दुसरं तांब्याचं पाच कोपेकचं, बिस्किटाएवढं मोठं, त्यावर दोन तोंडांचा गरुड. कवळीवाल्यानं दोन्ही घेऊन काठावरून अंगठा फिरवला. ही त्याच्या धंद्याची सवय. कवळी तयार झाली की तिच्या काठावरून अंगठा फिरवून बघायचं, कुठे टोचत तर नाही ना. दोन्ही काठ गुळगुळीत होते, पण रुबलचा जरा जास्त वाटला. चांदी ती चांदी, शिवाय कुठे टोचत नाही. त्यानं रुबल उचलला.

"मला काय, उरेल ते," म्हणून पडदेवाल्यानं तांब्याचं खिशात टाकलं. "बिलांवर ठेवायला वजन झालं."

पुढे चष्मेवाल्याच्या माडीवर नाणीवाल्यांचं मंडळ रविवारी सकाळी भरायला लागलं, तेव्हा कवळीवाला रुबल घेऊन गेला आणि पाठोपाठ पडदेवालाही गेला. मंडळाचे अध्यक्ष छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना काना-मात्रा म्हणतो. ते लग्नाचं बोलावणं आलं तरी आधी त्यातल्या चुका काढतात आणि मग आनंद मानतात. त्यांच्याकडे एक लाल कॅटलॉग होता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून दोन्ही नाणी त्यात शोधली.

"रुबल... कमी आढळणारा," ते म्हणाले. "ठीक आहे. आणि हे तांब्याचं... अहो पडदेवाले, हे तर अतिदुर्मीळ दिलंय."

पडदेवाला हसला. तोच दात.

त्या आठवड्यात कवळीवाल्यानं एका आजोबांच्या कवळीत वरचे दात खाली आणि खालचे वर बसवले. आजोबा परत आले आणि म्हणाले, घास चावतो तो परत बाहेर येतो. पण खरी कळ लागली ती अण्णांच्या बोलण्यानं. बातमी अण्णांपर्यंत पोहोचली तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, "अरे वा, धाकट्यांनी नेमकं उचललं."

नेमकं उचललं. अहो, पहिली निवड कुणाची होती? थोरल्याची. त्यानं काय केलं? हातात आलेलं अतिदुर्मीळ खाली ठेवून कमी आढळणारं उचललं. म्हणजे धाकटा हुशार ठरला तो काही न करता, आणि थोरला बावळट ठरला तो विचार करून. हे काही कवळीवाल्याच्या गळ्याखाली उतरेना. त्यानं मनाशी ठरवलं की लाल कॅटलॉग चुकीचा असला पाहिजे आणि बरोबर कॅटलॉग कुठेतरी असलाच पाहिजे.

झालं. कॅटलॉग यायला लागले.

आधी त्यानं लालची कुंडली काढली. तो एका नाणी विकणाऱ्यानंच छापलेला निघाला. विकणाऱ्याच्या कपाटात ज्या नाण्यांचा ढीग, ती सगळी पुस्तकात दुर्मीळ. "म्हणजे दुधवाल्यानंच दुधावर पुस्तक लिहिलं," कवळीवाला म्हणाला, आणि महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवला. मग हिरवा आला. हिरव्यातही तांब्याचं नाणं अतिदुर्मीळच. जेवण पुन्हा गेलं. पण हिरव्याचा त्यानं असा कीस काढला की विचारू नका. एका पानावर एका नाण्याची मागची बाजू उलटी छापलेली सापडली. तेच पान लालमध्ये काढलं, तर तिथेही उलटी. म्हणजे एकानं दुसऱ्याचं उचललं होतं, चुकीसकट. करडा आला तो जाडजूड, बारीक टाइपातला, चित्रांशिवाय, सगळा रशियन. त्यात प्रत्येक नाण्याचं वजन दिलेलं. त्यासाठी कवळीवाला रशियन अक्षरं शिकला. मेणात दात बसवता बसवता तोंडानं अक्षरं घोकायचा. डॉक्टरला वाटलं याच्या घशाला काहीतरी झालंय.

काना-मात्रांनी त्याला एक युक्ती सांगून ठेवली होती. "कॅटलॉग विश्वासाचा आहे का, हे पाहायचं तर ज्या नाण्याची तुम्हाला खडान्‌खडा माहिती आहे तेच आधी शोधा. तिथे तो खरं बोलत असेल तर बाकीचंही बहुतेक खरं." म्हणजे स्वतःचं नाणं शोधा, एवढा साधा अर्थ. पण हा पठ्ठ्या नवा कॅटलॉग आला की तडक साडूचं नाणं शोधायचा. त्याचं मोल कुठे उतरलंय का, एवढंच बघायचं. स्वतःच्या रुबलच्या पानाकडे जायला त्याची छाती होत नव्हती. तिथे आणखी काही वाईट लिहिलेलं निघालं तर? त्यापेक्षा न बघितलेलं बरं.

एकदा डबा द्यायला आलेली थोरली फळी पुसत होती.

"अहो, तुमची ही सगळी पुस्तकं एकाच नाण्यावर का उघडतात?"

"कणा सैल असतो."

"सगळ्यांचा? आणि नेमका त्याच जागी?"

"छपाई तशी असते."

"आणि आपल्या रुबलचं पान कुठे आहे?"

"असेल पुढे कुठेतरी. तू पूस ना."

थोरलीनं पुसलं, आणि दुपारी बहिणीला फोन केला. तिकडून काय उत्तर आलं ते पुढे कळेलच.

शेवटी निळा आला. निळा दोन रशियन अभ्यासकांनी मिळून केलेला. कोणतं नाणं कुठे पाहिलं हे ते सांगत, आणि पाहिलेलं नसेल तिथे सरळ 'आम्ही पाहिलेलं नाही' असं लिहीत. इतकं साधं वाक्य इतर कुठल्याही कॅटलॉगात नव्हतं. शिवाय प्रत्येक नाण्याचा काठ कसा हवा ते दिलेलं. कवळीवाल्यानं तांब्याच्या नाण्याचं पान काढलं, बोटाखाली एकेक अक्षर धरून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पॉलिशचं चाक बंद करून तसाच बसून राहिला. निळ्यानं लिहिलं होतं: अस्सल नाण्याचा काठ जाळीदार. गुळगुळीत काठाचे नमुने हौशी लोकांच्या मागणीवरून टाकसाळीनं मागाहून पाडलेले असावेत.

आणि साडूच्या नाण्याचा काठ? अंगठ्याला पक्का आठवत होता. गुळगुळीत.

पण घरी बसून हसण्यात काय मजा. तो वाट बघत राहिला, आणि संधी आपल्या पायांनी चालत आली. वाचनालयानं मंडळाला त्यांच्या दालनात नाण्यांचं प्रदर्शन लावायला सांगितलं. काचेच्या पेट्या, त्यातली मधली सगळ्यांत मोठी, उंच पायांची, दारातून शिरताच दिसणारी. त्या मधल्या पेटीत एकच नाणं ठेवायचं, आणि ते मागाहून पाडलेलं नको, बाजारात माणसांच्या हातांतून फिरलेलं हवं, असं ठरलं. प्रदर्शन बघायला अण्णाही येणार होते. तेव्हा अण्णांच्या डोळ्यांसमोर मधल्या पेटीत कुणाचं नाणं असणार, थोरल्याचं की धाकट्याचं, हा कवळीवाल्याच्या जिवाचा प्रश्न होऊन बसला.

पाट्या लिहायच्या तर कॅटलॉग एक ठरायला हवा. त्यासाठी रविवारी सगळे चष्मेवाल्याच्या माडीवर जमलो.

"एका पेटीत लाल आणि दुसरीत हिरवा, असं चालणार नाही," काना-मात्रा म्हणाले. "लोक हसतील. कोणता धरायचा ते बोला."

"कवळीवाल्याला विचारा," चष्मेवाला म्हणाला. "त्यानं पाठ केलेत."

"दादा सांगतील तो," पडदेवाला म्हणाला. थोरल्या साडूला तो दादा म्हणतो.

कवळीवाला उठला. आणि काय बोलला म्हणून सांगू. एरवी कुणाकडे जेवताना मीठ हवं असलं तरी बायकोला माग म्हणून सांगणारा माणूस, पण त्या दिवशी वकिलासारखा बोलला. लाल कसा विकणाऱ्याचा, ते सांगितलं. हिरव्याचं उलटं चित्र दाखवलं, लालचं दाखवलं.

"दोघांनी वेगवेगळं पाहिलं असतं तर दोघांना एकाच जागी डुलकी लागली नसती. पुस्तकं दोन आहेत, पण साक्षीदार एकच, आणि त्यालाही दिसत नाही." मग निळा वर धरला. "हे लोक जे पाहिलं नाही तिथे पाहिलं नाही म्हणतात. काठ सांगतात. नाणं कुठे आहे ते सांगतात. चुकत असतील, पण थापा मारत नाहीत."

सगळं खरं होतं हो. एक शब्द खोटा नव्हता. निवड सोळा आणे बरोबर, फक्त ती ज्या मडक्यात शिजली ते नासकं होतं.

"ठरलं तर निळा," काना-मात्रा म्हणाले.

"पडताळून बघा," कवळीवाला म्हणाला. "उदाहरणार्थ आमच्या साडूंचंच नाणं घ्या." पुस्तक टेबलावर ठेवलं, तर आपोआप त्याच पानावर उघडलं.

काना-मात्रांनी वाचलं, पडदेवाल्याच्या नाण्याचा काठ खिडकीशी नेऊन पाहिला, हाताळला, आणि हळहळत म्हणाले, "मागाहूनचं आहे. मधल्या पेटीतून गेलं."

पडदेवाल्यानं नाणं हातात घेऊन उलटंपालटं केलं. "बिलांवर ठेवायलाच घेतलं होतं," तो म्हणाला आणि हसला. पण हसणं जरा उशिरा आलं, हे कवळीवाल्यानं टिपलं. त्याच्या पोटातली आग अशी विझली की धूरही उरला नाही.

"मग रुबलच ठेवू मध्ये," काना-मात्रा म्हणाले. "आता पाटीपुरतं त्याचं पान काढा."

हे पान मात्र उघडेना. इतकं कोरं, की शेजारच्या पानाला काठानं चिकटलेलं. काना-मात्रांनी नखानं सोडवलं आणि वाचायला लागले. वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. अस्सल रुबलच्या काठावर अक्षरं हवीत. गुळगुळीत काठाचे नमुने मागाहून पाडलेले असावेत.

रुबलचा काठ बघायला कुणी मागितला नाही, कारण कवळीवाल्याचा अंगठा खिशात होता आणि खिशात काय चाललंय ते सगळ्यांना दिसत होतं.

"दादा," पडदेवाला म्हणाला, "मग लालच धरू या की. तुमचंही राहील, माझंही राहील. कशाला उगीच."

माणूस चांगुलपणानं बोलला. पण चांगुलपणा साडूकडून आला की तो घशात अडकतो. आणि लाल धरला तर मधल्या पेटीत जाणार होतं ते अतिदुर्मीळ, म्हणजे साडूचं. कवळीवाल्याच्या चेहऱ्यावर हा हिशेब पायरी पायरीनं चढताना आम्ही पाहिला.

"नाही," तो म्हणाला. "निळाच."

"अहो, पण तुमचं नाणं..."

"निळाच. लिहा."

मग मधल्या पेटीत गेला काना-मात्रांचा एक कोपेक. तारेचा तुकडा ठोकून केलेला, कलिंगडाच्या बीएवढा, पण शेकडो हातांतून फिरून झिजलेला. अण्णा आले, मधल्या पेटीवर वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले.

"हे काय? माशाचा खवला?"

मग कोपऱ्यातल्या पेटीत त्यांना आपली दोन नाणी सापडली. शेजारी शेजारी, एकाच मजकुराच्या दोन पाट्या.

"जोडीनं ठेवलीत, हे बरं केलंत," अण्णा म्हणाले. "दोघं सारखे."

दोघं सारखे हे ऐकून पडदेवाल्यानं मान हलवली. कवळीवाला पाणी प्यायला बाहेर गेला.

सारखे. हा शब्द त्याला कवळीतल्या खड्यासारखा बोचत राहिला. प्रदर्शन चालू असतानाच तो एका सकाळी किल्ली मागून रुबल कामावर घेऊन गेला. ज्या नाजूक काट्यावर तो दातांसाठी धातू तोलतो, त्यावर इतकी वर्षं त्यानं आपलं नाणं कधी ठेवलं नव्हतं. आता करडा कॅटलॉग उघडला, रुबलचं वजन वाचलं, नाणं ठेवलं. कमी भरलं. चांगलं दिसण्याजोगं कमी. टाकसाळीनं मागाहून पाडलं तरी इतकं हलकं कशाला पाडेल?

तुम्हीआम्ही असतो तर म्हटलं असतं, नाणं खोटं तर नाही? याच्या मनात पहिलं काय आलं, सांगा. साडूचं किती भरेल?

काटा पिशवीत घालून तो पडदेवाल्याकडे गेला. दुकान खाली, घर वर. वाटेत वाचनालयातून तांब्याचं नाणंही घेऊन गेला, कारण नाणं तोलायला मालक समोर हवा एवढी रीत त्याला होती. पडदेवाला खाली एका गिऱ्हाईकाला कापड फाडून देत होता. धाकटीनं दार उघडलं.

"या भाऊजी. बसा, चहा टाकते. हे येतीलच वर."

बसल्या बसल्या त्याचं लक्ष भिंतीतल्या एका कोनाड्याकडे गेलं. त्यावर पडदा होता. आता पडदेवाल्याच्या घरात पडदा असणारच, पण खिडकी नाही तिथे पडदा कशाला? कवळीवाला दुसऱ्याच्या तोंडात बघायची सवय झालेला माणूस. त्यानं पडदा सारला.

आत कॅटलॉग. लाल, हिरवा, करडा, निळा, आणि याच्याकडे नव्हता असा एक पिवळासुद्धा.

त्यानं निळा काढून गुडघ्यावर ठेवला. हात लावायच्या आधीच पुस्तक उघडलं, ते रुबलच्या पानावर. पान अंगठ्याच्या तेलानं मळकं झालेलं. लाल काढला. रुबल. हिरवा काढला. रुबल. करड्यात त्या पानाची शिवण उसवत आलेली. मग निळ्यातच त्यानं तांब्याच्या नाण्याचं पान शोधलं. ते करकरीत कोरं, चिकटलेलं.

धाकटी चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"ती सगळी पुस्तकं तिथेच उघडतात, भाऊजी," ती म्हणाली. "मी ह्यांना विचारलं होतं. म्हणाले, कणा सैल असतो."

कवळीवाल्यानं चहा घेतला. त्याला तो फार चांगला लागला असावा, कारण त्यानं आणखी मागितला, आणि साडूच्या घरी आणखी मागणं हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच.

पडदेवाला वर आला, पडदा सारलेला बघून त्याचे कान लाल झाले.

"दादा, ते आपलं असंच."

"पाच पुस्तकं असंच?"

"तुमचा रुबल कुठे उतरतोय का बघत होतो," पडदेवाला म्हणाला आणि खाली बसला. या वेळी हसला नाही. "त्या दिवशी डबी उघडली तेव्हा मलाही तोच हवा होता. पण तुम्ही थोरले. तुम्ही रुबल उचललात. मी उरेल ते म्हटलं. लालनं माझं चढवलं तेव्हा बरं वाटलं, पण हात फिरून फिरून राणीच्या तोंडाकडेच."

"इतकी वर्षं?"

"तुमची फळी किती वर्षांची आहे?"

यावर कवळीवाला खोकला. मग दोघांनी मिळून काटा मांडला आणि तांब्याचं नाणं तोललं. तेही कमी भरलं. करड्याप्रमाणे बघितलं, पिवळ्याप्रमाणे बघितलं, तरी कमीच. दोन नाणी, दोन धातू, दोघांना एकच रोग. हा काही कॅटलॉगचा प्रश्न उरला नव्हता. दोघे उठून अण्णांकडे गेले. धाकटीही निघाली, आणि तिनं वाटेत थोरलीला घेतलं. असं काही ऐकायचं असलं की त्या दोघींना चपला लगेच सापडतात.

अण्णा स्वयंपाकघरात नळाची तोटी सोडवून बसले होते.

"अण्णा," कवळीवाला म्हणाला, "ती नाणी खलाशानं दिली तेव्हा काठ कसे होते?"

"काठ?" अण्णांनी तोटीत फुंकर मारली. "भिकार होते. एकाला अक्षरं, एकाला जाळी. खरखरीत. मीच काढले."

"काढले म्हणजे?"

"लेथवर धरून. डबीचं झाकण लागेना. आणि लागलं की आत खुळखुळ वाजायची, ती तरी कोण ऐकणार. मग दोन्ही घासून बरोबर डबीच्या मापाची केली आणि पॉलिश मारलं. हात फिरवून बघा, कुठे उंचवटा लागतो का." अण्णांनी मान ताठ केली. "आमच्या वेळचं काम आहे ते."

स्वयंपाकघराच्या दारात दोन बहिणी एकमेकींचा खांदा धरून हलत होत्या, आवाज न करता. पडदेवाला खुर्चीवर बसला. कवळीवाल्याकडे मात्र बघवत नव्हतं. ज्याचा जन्म पॉलिशच्या चाकासमोर गेला, ज्याचा अंगठा केसाएवढा उंचवटा शोधतो, त्यानं लेथचा काठ हातात घेऊन पाच कॅटलॉग पालथे घातले होते. आणि उचललाही त्यासाठीच होता, टोचत नाही म्हणून.

म्हणजे दोन्ही नाणी अस्सल होती. आणि दोन्हींचं वाटोळं घरातच झालं होतं.

मग कवळीवाल्यानं विचारलं,

"अण्णा, जास्त कुणाचं घासलंत?"

थोरलीनं कपाळाला हात लावला. पण पडदेवाला खुर्चीत पुढे सरकला. त्यालाही हवं होतं.

अण्णांनी आठवून पाहिलं. "धाकट्यांचं तांबं जाड. त्याला फार वेळ दिला, सबंध दुपार. तुमची चांदी, तिला जपून. हात हलका ठेवला."

"हात हलका ठेवला," कवळीवाला बायकोकडे वळून म्हणाला.

"सबंध दुपार दिली," पडदेवाला धाकटीला म्हणाला.

आणि दोघे जिना उतरले ते असे, जसं काही दोघांनाही डबीतून पहिलं उचलायला मिळालं.

पुढच्या रविवारी काना-मात्रांनी दोन्ही पाट्या बदलल्या. निळ्या कॅटलॉगाचा आकडा, खाली एक शेरा: अस्सल, काठ घासलेला. दोन्हींवर तोच. पडदेवाल्याला पसंत पडलं. कवळीवाला पेटीसमोर बराच वेळ उभा राहिला, आणि मग काना-मात्रांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, माझ्या पाटीत 'घासलेला'च्या आधी 'किंचित' एवढा एक शब्द बसेल का, बघा ना.